काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि माझा कॅमेरा

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात जे अवांतर झालं, ते तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘माझी वाटचाल’. मी म्हटलं, आपल्या बॅचमध्ये कॉम्प्युटरवाले किती आहेत ते आधी मोजा. आमची सगळ्यांची वाटचाल एकच आहे. रत्नागिरी, पुणे, मग अमेरिका. आणि अमेरिका राहून गेली असेल तर पुणेच. ती ऐकायला सुट्टी टाकून कोणी आलेलं नाही. तेव्हा मी दुसरंच काहीतरी बोलणार आहे. गेले चार महिने मी एक आड एक शनिवारी पुण्याहून येऊन आपल्या शिक्षकांच्या घरी जाते आहे आणि या मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी त्यांचे फोटो काढते आहे. त्यामुळे ग्रुपवर असा समज पसरलाय की मी कोणी मोठी फोटोग्राफर आहे. तो समज दूर करणं हा या भाषणाचा पहिला हेतू. मी कॅमेरा शिकले उशिरा आणि शिकले उलट्या क्रमाने. त्याची हकीकत सांगते. पंधरा मिनिटं दिली आहेत. पाच वाजता सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचाय आणि तो मलाच काढायचाय, म्हणजे वेळ पाळणं माझ्याच हिताचं आहे.

सुरुवात आठवीपासून करावी लागेल. प्रकाशाच्या धड्याला आपल्या विज्ञानाच्या बाईंनी एक वस्तू घरून करून आणायला सांगितली होती. तिचं पुस्तकातलं नाव कोणाला आठवतंय? सूचिछिद्र प्रतिमाग्राहक. बघा, मागच्या रांगेतून बरोबर आवाज आला. चपलांचं खोकं घ्यायचं, एका बाजूला सुईने भोक पाडायचं, समोरच्या बाजूला खिडकी कापून तेल लावलेला कागद चिकटवायचा. वर्गाच्या खिडक्या लावून बाईंनी टेबलावर मेणबत्ती पेटवली आणि एकेकाचं खोकं तिच्यासमोर धरायला लावलं. सगळ्यांच्या कागदावर इवलीशी उलटी ज्योत. माझ्या कागदावर नुसता पिवळा डाग. कारण ज्योत फार मिणमिणती दिसते म्हणून मी आदल्या रात्री शहाणपणा करून सुईऐवजी खिळा वापरला होता. बाईंनी खोकं हातात घेतलं, भोकाला डोळा लावला आणि म्हणाल्या, “छिद्र मोठं केलंस, उजेड मिळाला, आकार गेला. आता दोन्ही कसं मिळवशील ते सांग.” मला सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर पुढची वीस वर्षं सांगता आलं नाही, आणि मधल्या काळात मी इंजिनिअर झाले होते.

आता एकदम २०११. पुण्यात नोकरी, लेक दोन वर्षांची, आणि ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या गळ्यात मोठा कॅमेरा. मीही घेतला. निकॉन डी ३१००, सोबत मिळणारी अठरा-पंचावन्नची लेन्स. त्या वर्षीचा बोनस जवळजवळ सगळा गेला. नवरा म्हणाला, “एवढ्यात फ्रीज आला असता.” फ्रीज नंतर आलाच.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते. तिच्यावर हिरव्या रंगात ऑटो, मग चेहरा, डोंगर, धावणारा माणूस अशी चित्रं, आणि पलीकडे चार अक्षरं. पी, एस, ए, एम. पहिले सहा महिने मी हिरव्या ऑटोच्या पुढे गेले नाही. मग एकदा धीर करून ‘ए’वर लावला, कारण माझी समजूत अशी की ए म्हणजेही ऑटोच, जरा इंग्रजीतला. तो छिद्राचा ए, अ‍ॅपर्चरचा, हे कळायला पुस्तिका उघडावी लागते. पुस्तिका आपण उघडत नाही. जगभरच्या लोकांनी माझ्या सॉफ्टवेअरची पुस्तिका वाचावी असा माझा आग्रह असतो, हे मी इथे कबूल करते.

ऑटोमध्ये एक त्रास होता. घरात जरा अंधार दिसला की फ्लॅश टुणकन वर यायचा, आणि लेकीचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा यायचा. ऑफिसातल्या एकाने उपाय सांगितला. चकती ‘पी’वर ठेव, फ्लॅश आपोआप उघडणार नाही, आणि आयएसओ कायम शंभरवर ठेव, त्यावर गेलीस की फोटोत दाणे येतात. तो चांगले फोटो काढायचा, म्हणून मी ते गुरुमंत्रासारखं धरलं. तो फोटो काढायचा लडाखमध्ये, भर उन्हात. हे लक्षात यायला हवं होतं.

२०१२ च्या गणपतीला मी कॅमेरा घेऊन घरी आले. आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. जुनं कौलारू, पुढे ओटी, मधे माजघर, आणि मागे स्वयंपाकघर, ज्याला एकच खिडकी आणि तिच्याबाहेर फणस. चतुर्थीच्या सकाळी आई मोदक करत होती. पाटावर बसली होती, समोर उकडीची परात, शेजारी हळदीची पानं. कळ्या पाडताना तिची बोटं इतकी भरभर चालायची की मला कधी तो हात उचलता आला नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून फोटो काढत राहिले. दीडशेच्या आसपास काढले असतील. आई म्हणाली, “आता पुरे की, पानं आण जरा.” कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर सगळे फोटो सुरेख दिसत होते. मी खूश होऊन पुण्याला गेले आणि ते कार्ड खणात ठेवून दिलं. पुढच्या महिन्यात आमचं मोठं रिलीज होतं.

२०१३ च्या मार्चमध्ये आई गेली. आजारी वगैरे नव्हती. रात्री फोन आला, सकाळी आम्ही इथे.

दिवसकार्याला फोटो हवा होता. दादा म्हणाला, “तुझ्याकडे असतील ना, गणपतीतले?” मी लॅपटॉप उघडला आणि मोठ्या पडद्यावर ते दीडशे फोटो पहिल्यांदा नीट पाहिले. सगळ्यांत आई हललेली. बोटांच्या जागी पांढरट धूर, चेहऱ्याला दोन-दोन कडा. आणि मागे मांडणीवरचे पितळेचे डबे अगदी स्वच्छ. एका डब्यावर आजीचं नाव कोरलेलं आहे, ते वाचता येत होतं. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, “डबे छान आलेत.”

त्यांना बोचरं बोलायचं नव्हतं. ते तसेच बोलतात, तुम्हाला माहीत आहे. शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून आईचा चेहरा कापून मोठा करून घेतला. तोच आजही ओटीवर आहे. शेजारच्या काकूंच्या पदराचा काठ त्यात खालच्या कोपऱ्यात आलाय.

पुण्याला परतल्यावर मी जे केलं ते धंद्याच्या सवयीने केलं. एखादी गोष्ट बिघडली की आम्ही लॉग बघतो. प्रोग्रॅम चालताना आपण काय केलं याची नोंद ठेवत जातो, ती नोंद. कॅमेराही अशी नोंद प्रत्येक फोटोच्या पोटात लिहून ठेवतो. छिद्र किती होतं, झडप किती वेळ उघडी होती, आयएसओ किती, लेन्स किती मिलिमीटरवर होती, तारीख, वेळ, सगळं. आईच्या प्रत्येक फोटोत तेच आकडे होते. आयएसओ १००. छिद्र एफ ५.६. वेळ एक चतुर्थांश सेकंद.

एक चतुर्थांश सेकंद म्हणजे किती, तर माझ्या आईची एक कळी पाडून दुसरीला हात लागण्याइतका. तेवढा वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी होती. मी चौकटीला टेकलेले, लेन्समध्ये हाताची थरथर सावरायची सोय, म्हणून डबे स्पष्ट आले. पण समोरचा माणूस हलला तर कोणतीही लेन्स त्याला सावरत नाही. आयएसओ शंभरऐवजी सोळाशे केला असता, तर तोच उजेड सोळापट धरला गेला असता आणि वेळ आला असता एक-साठांश सेकंद. बोटं तरीही थोडी पुसटली असती. चेहरा आला असता. फोटो दाणेदार झाला असता, पण दाणेदार फोटो भिंतीवर लावता येतो. त्यासाठी एक बटण दाबून चाक चार घरं पुढे फिरवायचं होतं, बस. ते बटण कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही, आणि त्या ऑफिसवाल्या मित्राचाही फारसा नाही. त्याने त्याचं उत्तर सांगितलं, मी माझा प्रश्न न तपासता ते लिहून घेतलं. परीक्षेत आपण हे करायचो, आठवतंय? शेजारच्याचा पेपर वेगळा असायचा.

मग मी रीतसर शिकायला बसले. क्लास लावला नाही. दर रविवारी सकाळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, असा नेम केला. खिडकीत एक तांब्या ठेवायचा आणि नुसतं छिद्र बदलत फोटो काढायचे. पुढच्या रविवारी नुसता वेळ. त्यासाठी बेसिनचा नळ बारीक सोडायचा, म्हणजे पाणी धार दिसतं की थेंब ते कळतं. एक-हजारांशाला थेंब, एक-पंधरांशाला रेशीम. लेक विचारायची, “आई, तू नळाचा फोटो का काढतेस?” सासूबाई काही विचारायच्या नाहीत, नळ बंद करायच्या.

छिद्राचे आकडे मला फार दिवस छळत होते. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तर छिद्र लहान, हे उलटं का? आणि मधलं अंतर असं वेडंवाकडं का? एका रविवारी तांब्यासमोर बसल्या बसल्या उजेड पडला. हे आकडे म्हणजे भागाकार आहेत. लेन्सचं नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ म्हणजे पंचवीस मिलिमीटरचं भोक, एफ १६ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचं. भाजक वाढला की उत्तर लहान, हे पाचवीतलं गणित. आणि प्रत्येक आकड्याला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने गुणलं की पुढचा आकडा येतो, कारण उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. प्रत्येक पायरीला उजेड बरोबर निम्मा. सर, तुम्ही नववीत दोनचं वर्गमूळ भागाकार पद्धतीने काढायला लावायचात, तेव्हा आम्ही मागे बसून “याचा आयुष्यात उपयोग काय” असं पुटपुटायचो. उपयोग सापडला. कळवायला उशीर झाला.

दुसरी गोष्ट मला इथे रत्नागिरीत कळली. मे महिन्याच्या सुट्टीत आले होते. सकाळी मांडवीला गेले आणि काळ्या समुद्राच्या वाळूचा फोटो काढला, नुसत्या वाळूचा. मग मिऱ्याच्या बाजूला जाऊन पांढऱ्या समुद्राच्या वाळूचा काढला. चकती ‘ए’वर, म्हणजे छिद्र माझं, वेळ कॅमेऱ्याने ठरवायचा. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले तर दोन्ही राखाडी. दादा म्हणाला, “यातला काळा समुद्र कुठला?” मला सांगता येईना!

बाहेरगावच्या माणसाला ही गंमत कळणार नाही, पण आपल्या गावात हे दोन समुद्र कोणी एकमेकांत मिसळत नाही. कॅमेरा मिसळतो. कारण कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही, त्याला फक्त उजेड किती येतोय हे मोजता येतं. समोर जे असेल ते मध्यम राखाडी असणार, असं धरून तो आकडे लावतो. बहुतेक वेळा ते खपून जातं, कारण बहुतेक दृश्यांत थोडं काळं, थोडं पांढरं असतं. पण नुसतं पांढरं समोर आलं की तो म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. नुसतं काळं आलं की म्हणतो, वाढवा. यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं एक बटण असतं. पांढऱ्या समुद्राला अधिक एक, काळ्याला उणे एक. म्हणजे, बाबा रे, ही वाळू खरंच पांढरी आहे, असं त्याला आपण सांगायचं. दुपारी पुन्हा गेले, बटण फिरवलं, पुन्हा काढले. या वेळी दादाने बरोबर ओळखलं. ती जोडी फ्रेम करून मी ऑफिसातल्या टेबलावर ठेवली आहे. पुण्यातली मंडळी विचारतात, वाळूचे फोटो कशाला? सांगायला लागलं की उठून जातात.

लेन्सचा घोटाळा थोडक्यात सांगते. स्वयंपाकघरातल्या उजेडासाठी मोठ्या छिद्राची लेन्स हवी म्हणून मी पन्नास मिलिमीटरची एफ १.८ घेतली. स्वस्त मिळाली म्हणून जुन्या पद्धतीची, वापरलेली घेतली. घरी येऊन लावली तर कॅमेरा फोटोच काढेना. पडद्यावर नुसतं एफ, ई, ई लुकलुकायला लागलं. फी! क्षणभर वाटलं, शाळेची फी भरायची राहिली की काय. एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर कळलं की त्या लेन्सच्या गळ्यात छिद्राची एक कडी असते, ती २२ वर नेऊन अडकवायची असते. ती अडकवली, तर आता फोकस होईना. ती लेन्स फोकस करण्यासाठी कॅमेऱ्याच्या अंगात मोटर लागते आणि माझ्या कॅमेऱ्याच्या अंगात ती नाही. दुकानदाराने विचारलंही होतं, “कॅमेरा कुठला आहे तुमचा?” मी म्हटलं होतं, “निकॉनच.” तर पुढची दोन वर्षं मी हाताने कडी फिरवून फोकस केला. फोकस जुळला की आत डोळ्यासमोर खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उजळतो, तेवढाच आधार. आणि एफ १.८ ला एक मीटरवरून जेमतेम तीन सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. डोळा आला तर कान गेला. छिद्र मोठं केलंस, उजेड मिळाला, आकार गेला. बाई, खोक्याला भिंग लावलं की दोन्ही मिळतं, पण तीन सेंटिमीटरपुरतंच. हे माझं आठवीतलं उत्तर. मार्क द्यायचे ते द्या.

आता शिक्षकांच्या फोटोंकडे येते.

चित्रकलेच्या सरांचं घर जुनं आहे. माजघरात अंधार आणि छपरात एकच काचेचं कौल. दुपारी बाराला तिथून उजेडाचा खांब खाली येतो, अगदी सरांच्या आरामखुर्चीवर. कॅमेऱ्याला विचारलं तर तो संपूर्ण माजघर बघून सरासरी काढणार, आणि सरांचं कपाळ जळून पांढरं होणार. मी त्याला फक्त सरांच्या गालावरचा उजेड मोजायला लावला आणि बाकीचं माजघर काळं होऊ दिलं. सरांना फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, “मागचं काळं केलंस ते बरं केलंस. नाहीतर ते बँकेचं कॅलेंडर दिसलं असतं.” चाळीस वर्षं आपल्याला रंगकाम शिकवणाऱ्या माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे खूप. पी.टी.च्या सरांचा पांढराशुभ्र शर्ट पांढराशुभ्रच आलाय. तिथे पांढऱ्या समुद्राचं बटण कामाला आलं. सरांनी फोटो काढताना मला दोनदा ‘सावधान’ केलं, ते वेगळं.

विज्ञानाच्या बाईंकडे मी ऑगस्टमध्ये गेले. त्या आज इथे पहिल्या रांगेत आहेत आणि हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. बाईंच्या उजव्या हाताला गेली काही वर्षं कंप आहे. हात मांडीवर ठेवला तरी थांबत नाही. मी घरात शिरल्यावर ते पाहिलं, आणि मला वाटलं, हे आपल्याला जमतंय. आता मला बटण माहीत आहे! खिडकीपाशी खुर्ची घेतली, आयएसओ सोळाशे, मोठं छिद्र, वेळ एक-पाचशेवांश सेकंद. हात दगडासारखा थांबला. नखांवरच्या रेघासुद्धा मोजता याव्यात इतका स्पष्ट. मी मोठ्या हौसेने लॅपटॉपवर दाखवला.

बाईंनी बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “हे कसं केलंस?” मी सगळं सांगितलं, झडप, वेळ, आयएसओ. त्यांनी प्रत्येक गोष्टीवर एक-एक प्रश्न विचारला, तोंडी परीक्षेसारखा. उत्तरं बरोबर आली. मग म्हणाल्या, “समजलं. पण हा हात माझा नाही गं. माझा हलतो.”

मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, “बाई, स्मरणिकेत कायमचं राहणार ते...”

“म्हणूनच सांगत्ये,” त्या म्हणाल्या. “घरी येणारा प्रत्येक जण माझ्या हाताकडे न बघितल्यासारखं करतो. मी रोज सकाळी याच हाताने चहा गाळते. अर्धा बशीत सांडतो, पण गाळते. तो हलत असताना जसा दिसतो तसा काढता येतो का तुला, की तुझा कॅमेरा फक्त थांबवतोच?”

येतो. स्टँड लावला. आयएसओ शंभर. छिद्र लहान केलं. वेळ एक-अष्टमांश सेकंद. बाईंना मान खुर्चीच्या पाठीला टेकवून श्वास रोखायला सांगितलं. “प्रयोग किती वेळा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जमेपर्यंत. सोळा वेळा झाला. मधे एकदा त्यांना हसू आलं, तो गेला. एकदा भाजीवाली आली. चौदाव्यात जमला. चेहरा स्पष्ट, चष्म्यात खिडकी दिसतेय, आणि मांडीवर हाताच्या जागी हात आहे, पण कडा पुसटलेल्या, पातळाच्या काठावर हलका धूर पसरल्यासारख्या.

लॅपटॉपवर तो उघडला तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातला धूर आठवला. मी बाईंना आईचा फोटो दाखवला. तो लॅपटॉपमध्ये असतोच. बाईंनी आईला ओळखलं, पालकसभेला यायची ती. डब्यांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. बोटांकडे बघून म्हणाल्या, “किती कळ्यांचे करायची?” मी म्हटलं, “एकवीस तरी.” त्या म्हणाल्या, “हं. म्हणूनच.” आणि लॅपटॉप मिटून मला चहा गाळायला उठल्या. मी उठू लागले तर बसवलं.

स्मरणिकेत चौदाव्या प्रयोगाचा फोटो आहे. छापखान्यातून फोन आला होता, मॅडम, एक फोटो हललाय, बदलून देता का? मी सांगितलं, तो तसाच आहे.

बरं, पाच वाजायला आले. आता कामाचं. एकत्र फोटो मैदानात, पिंपळाच्या बाजूला. ऊन तिरकं झालंय, ते डोळ्यांत येणार नाही अशा बेताने तोंड शाळेकडे करून उभं राहायचं. शिक्षक खुर्च्यांवर, मागे दोन रांगा. छिद्र मी एफ ८ ठेवणार आहे, म्हणजे शेवटच्या रांगेतले पण स्पष्ट येतील. एवढी वर्षं मागच्या बाकावर बसून जे पुसट राहिले त्यांनी आज तशी आशा धरू नये. वेळ एक-अडीचशेवांश सेकंद, तेव्हा हललात तरी चालेल, बोललात तरी चालेल. डोळे मिटणाऱ्यांसाठी मी पाच वेळा काढणार आहे. पांढरे कुर्ते घालून आलेल्यांनी एकाच ठिकाणी गोळा होऊ नये. कॅमेऱ्याला वाटतं पांढरा समुद्र आला. आणि दादा बाहेर बाबांना घेऊन आलाय, कोणीतरी त्यांना पुढे खुर्ची द्या. त्यांना फोटो मी आजच दाखवणार आहे, आणि ते काय म्हणतील ते मी आत्ता सांगू शकत नाही.

चला, उठा.